तार मंद का होते?

समजा, पेणजवळच्या रामवाडीत एका घरी फायबरची जोडणी घेतली आहे. ठरलेला दर आहे सेकंदाला ३०० मेगाबिट. फायबरचे टोक बाहेरच्या खोलीत एका डबीत संपते. तेथून तांब्याची केबल भिंतीच्या कडेकडेने आतल्या खोलीतील संगणकापर्यंत जाते. संगणकावर दर मोजला तर आकडा येतो ९४. सकाळी ९४, रात्री ९४, सुट्टीच्या दिवशीही ९४. कोणी सुचवतो, जास्त पैशांची योजना घ्या. घरमालक ५०० मेगाबिटची योजना घेतो. पुन्हा मोजतो. आकडा ९४!

दर महिन्याला खिशातून जाणारे पैसे वाढले, तारेवरून येणारी माहिती मात्र तेवढीच राहिली. अशी घरे आणि अशा शाळा पुष्कळ असतील. या कोड्याचे उत्तर चार ओळींत देता येईल, पण मग ते फक्त याच घरापुरते उपयोगी पडेल. मंद तारेचा दोष शोधायचा कसा, हे माणूस दीडशेहून अधिक वर्षे शिकत आला आहे. त्या शिकण्याचा इतिहास पाहिला की हे कोडे सुटतेच, शिवाय ‘चाचणी’ या शब्दाचा अर्थही नीट उमगतो.

दहा मिनिटांना एक शब्द

ऑगस्ट १८५८ मध्ये आयर्लंड आणि न्यू फाउंडलंड यांच्यामध्ये अटलांटिक महासागराच्या तळाशी तारायंत्राची पहिली केबल टाकून पूर्ण झाली. तिची लांबी तीन हजार किलोमीटरांहून अधिक होती. राणी व्हिक्टोरियाने अमेरिकेच्या अध्यक्षांना पाठवलेला ९८ शब्दांचा संदेश या केबलमधून जायला सुमारे १६ तास लागले. म्हणजे सरासरी दहा मिनिटांना एक शब्द.

येथे विद्यार्थ्यांचा एक गोंधळ आधीच दूर करायला हवा. केबलमधून विद्युत् संकेत मुंगीच्या पावलांनी जात होता असे नाही. संकेताची चाहूल पलीकडच्या टोकाला फार लवकर लागत होती, पण ती इतकी क्षीण आणि पसरट होती की एक खूण कोठे संपली आणि दुसरी कोठे सुरू झाली हे ओळखता येत नव्हते. म्हणून प्रत्येक खुणेनंतर थांबावे लागे, पुन्हा पुन्हा विचारावे लागे. संकेताचा प्रवासाचा वेग ही एक गोष्ट आणि दर सेकंदाला किती खुणा वेगवेगळ्या ओळखता येतात ही दुसरी. आजही आपण ‘इंटरनेटचा वेग’ म्हणतो, तेव्हा आपल्याला बहुधा ही दुसरी गोष्ट अभिप्रेत असते.

पेण-अलिबाग पट्ट्यातील खारभूमीच्या उघाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना यामागचे कारण सहज समजेल. उघाडी उघडली की पाणी आत शिरते, पण दूरच्या टोकाची पातळी लगेच चढत नाही. वाटेतले चर, खाचरे, खळगे आधी भरावे लागतात. उघाडी भराभर उघडझाप केली, तर दूरच्या टोकाला त्या उघडझापीचा मागमूसही लागणार नाही. तेथे पाणी नुसते हळूहळू वरखाली होत राहील. समुद्रातील केबलचे असेच असते. मधली तांब्याची तार, तिच्याभोवती गटापर्चाचे विद्युत् रोधक आवरण आणि बाहेर खारे पाणी मिळून एक अतिलांब विद्युत् धारित्र तयार होते. ते भरल्याशिवाय पलीकडे संकेत नीट उमटत नाही.

ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम थॉमसन (हेच पुढे लॉर्ड केल्व्हिन झाले) यांनी १८५४-५५ मध्येच याचे गणित मांडले होते. केबलची लांबी दुप्पट केली तर तिचा रोधही दुप्पट होतो आणि धारिताही दुप्पट होते. म्हणून भरण्याला लागणारा वेळ चौपट होतो. लांबी तिप्पट केली तर वेळ नऊपट. केबल कंपनीचे विद्युत् तज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस यांना हे मान्य नव्हते. ते मूळचे शल्यचिकित्सक, स्वतः प्रयोग करून शिकलेले. तार मंद वाटते ना, मग अधिक जोर लावा, असा त्यांचा मार्ग होता. त्यांनी मोठमोठी प्रवर्तन वेटोळी जोडून सुमारे २००० व्होल्टपर्यंतचा दाब लावला. आधीच कमकुवत असलेली केबल काही आठवड्यांतच कायमची मुकी झाली.

थॉमसन यांनी उलटा मार्ग धरला. पाठवण्याचा जोर वाढवण्याऐवजी त्यांनी ऐकणारा कान तीक्ष्ण केला. त्यांच्या आरसा-गॅल्व्हानोमीटरमध्ये एक चिमुकला आरसा अगदी दुबळ्या प्रवाहानेही किंचित वळतो आणि त्यावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका मोजपट्टीवर चांगला ठळक सरकतो. शिवाय त्यांनी तांबेही तपासले. तांबे म्हणून विकल्या जाणाऱ्या वेगवेगळ्या तारांच्या विद्युत् वाहकतेत मोठा फरक असतो, हे त्यांनी १८५७ मध्ये दाखवून दिले आणि केबलसाठी शुद्ध तांब्याचा आग्रह धरला. पुढे अधिक जाड तांब्याची, अधिक चांगल्या आवरणाची केबल १८६६ साली अटलांटिकमध्ये यशस्वी झाली. १८७० साली ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजाने मुंबई ते एडन केबल टाकली आणि त्याच वर्षीच्या जूनपर्यंत मुंबई समुद्रातील तारेने लंडनशी जोडली गेली.

ट्राम आली, वेधशाळा गेली

लांबी आणि तारेचा रोध हे तारेचे घरचे दोष झाले. दुसरा शत्रू बाहेरून येतो. त्याची कथा रामवाडीपासून फार दूरची नाही. पेणहून अलिबागचा रस्ता सुमारे तीस किलोमीटरांचा आहे.

मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी घेतल्या जात होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणण्याचे ठरू लागले. विजेच्या ट्रामला प्रवाह वरच्या तारेतून मिळतो आणि तो रुळांतून परत जातो. पण रूळ जमिनीवरच असल्याने त्यातला काही भाग जमिनीत झिरपतो आणि वाटेल तसा फिरतो. अशा भटक्या प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र वेधशाळेतील नाजूक उपकरणांना पृथ्वीच्या क्षेत्राइतकेच खरे वाटणार! वेधशाळेचे तेव्हाचे संचालक होते नानाभाई मूस. त्या पदावर आलेले ते पहिले भारतीय. त्यांच्या कारकिर्दीत चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवण्यात आली. तेथील इमारतीच्या बांधकामात चुंबकीय पदार्थ कटाक्षाने टाळण्यात आले.

हे स्थलांतर कसे केले, हे पाहण्यासारखे आहे. १९०४ ते १९०६ या काळात कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेण्यात आल्या. दोन्हींतील फरक निश्चित झाल्यावरच कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी थांबवल्या गेल्या. त्यामुळे जुनी आणि नवी मालिका एकमेकींना जोडता आली. मुंबईत विजेची ट्राम धावली ती १९०७ च्या मे महिन्यात. एक गोष्ट बदलायची, बाकीच्या जागच्या जागी ठेवायच्या आणि दोन्हींची तुलना करायची, हा दोष शोधण्याचा मूलमंत्र अलिबागने आपल्याला शेजारीच शिकवून ठेवला आहे. लंडनजवळच्या क्यू येथील चुंबकीय वेधशाळेलाही ट्रामपायीच स्कॉटलंडमध्ये एस्कडेलम्यूरला जावे लागले.

पीळ

गोंगाटापासून दूर जाणे हा एक उपाय झाला. पण टेलिफोनला शहर सोडून जाता येत नव्हते. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले १८८२ साली. त्या काळी टेलिफोनची तार पुष्कळदा एकच असे आणि परतीची वाट जमिनीतून असे. जमिनीतले सारे भटके प्रवाह मग ग्राहकाच्या कानात गुणगुणत. जवळून जाणाऱ्या दुसऱ्या तारेतील संभाषणही ऐकू येई.

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ साली यावर एका उपायाचे पेटंट घेतले. परतीसाठी जमीन वापरायची नाही, दुसरी तार घ्यायची आणि दोन्ही तारा एकमेकींभोवती पिळायच्या. असे केल्याने काय होते? बाहेरचा विक्षोभ दोन्ही तारांवर परिणाम करतो. जी तार त्याच्या जवळ, तिच्यावर थोडा जास्त. पण पिळामुळे दर काही अंतराने जवळची तार दूर जाते आणि दूरची जवळ येते. शेवटच्या टोकापर्यंत दोघींवरील परिणाम जवळपास सारखा होतो. ऐकणारे उपकरण दोन तारांमधील फरकच तेवढा मोजते. सारख्यातून सारखे वजा केले की उरते शून्य. संदेश मात्र दोन तारांवर उलटसुलट पाठवलेला असल्याने तो या वजाबाकीत टिकून राहतो.

रामवाडीच्या घरातल्या त्या केबलचे आवरण सोलून पाहा. आत आठ तारा दिसतील, दोन-दोनच्या चार जोड्या, प्रत्येक जोडी पिळलेली. आणखी निरखून पाहिले तर चारही जोड्यांचे पीळ सारखे नाहीत, एखादीचा घट्ट आहे तर दुसरीचा सैल. पीळ सारखे असते तर शेजारच्या दोन जोड्यांच्या तारा सतत एकमेकींच्या सारख्याच जवळ राहिल्या असत्या आणि एकीतला संदेश दुसरीत पाझरला असता. बेल यांचा पीळ आजही आपल्या घरात रोज काम करतो आहे.

अरुंद वाट कोणती?

१९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी एकाच इमारतीतील संगणक जोडण्यासाठी इथरनेट ही पद्धत उभी केली. दर होता सेकंदाला २.९४ मेगाबिट. तार एकच, सर्वांची सामाईक. दोघे एकदम बोलले तर संदेशांची टक्कर होई. मग दोघांनीही थांबायचे, प्रत्येकाने वेगवेगळा काळ वाट पाहायची आणि पुन्हा बोलायचे. १९८० च्या दशकात १० मेगाबिटचा दर रूढ झाला. १९९० मध्ये हेच इथरनेट टेलिफोनसारख्या पीळदार जोड्यांवर चालवण्याचे मानक आले, १९९५ मध्ये १०० मेगाबिटचे आणि १९९९ मध्ये तांब्याच्या चार जोड्यांवर १००० मेगाबिटचे, म्हणजे एका गिगाबिटचे.

याच काळात भारतात एर्नेट हे शिक्षणसंस्थांचे जाळे विणले जात होते. मुंबईत जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र त्याचे एक प्रमुख ठाणे होते. १९९२ पर्यंत आय.आय.टी. आणि इतर सहभागी संस्था सेकंदाला ९.६ किलोबिटच्या भाडोत्री तारांनी जोडल्या गेल्या, आणि त्याच वर्षी जुहूहून अमेरिकेला ६४ किलोबिटची जोडणी मिळाली. सामान्य नागरिकांसाठी इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी.

आता हिशेब करा. इमारतीतील इथरनेट १० मेगाबिटचे, बाहेरची तार ९.६ किलोबिटची. फरक हजारपटीहून अधिक. अशा ठिकाणी इमारतीतली केबल बदलून काहीच हाती लागले नसते. साखळीचा दर तिच्यातील सर्वांत अरुंद दुव्यावर ठरतो. आज परिस्थिती नेमकी उलटली आहे. बाहेरून फायबर येते, आणि अरुंद वाट पुष्कळदा घरातल्या दहा-पंधरा मीटर तांब्यात असते. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा, की अडथळा उंबऱ्याच्या आत आहे की बाहेर? संगणक उचलून फायबरच्या डबीपाशी न्यावा, एका छोट्या, खात्रीच्या केबलने जोडावा आणि मोजावे. तेथे ३०० मिळाले तर बाहेरचे सारे निर्दोष, दोष आतल्या वाटेत. तेथेही ९४च आले तर डबी, संगणक किंवा बाहेरची वाट यांच्याकडे वळावे. एका मोजणीत अर्धे संशयित सुटतात.

९४ चे रहस्य

आता आकड्याकडे येऊ. वाटेत गर्दी असती तर दर रात्री कमी आणि पहाटे जास्त झाला असता. हा आकडा मात्र हलत नाही. न हलणारी मर्यादा बहुधा रचनेतून आलेली असते.

१०० मेगाबिटच्या इथरनेटमध्ये माहिती पुडक्यांतून जाते. सर्वांत मोठ्या पुडक्याला पत्ते, तपासणीचे आकडे आणि दोन पुडक्यांमधील सक्तीची मोकळी जागा धरून १५३८ बाइटांइतका वेळ लागतो. त्यात वापरणाऱ्याच्या कामाची माहिती जास्तीत जास्त १४६० बाइट असते. १४६० भागिले १५३८ म्हणजे सुमारे ०.९५. म्हणून १०० मेगाबिटच्या जोडणीवर मोजणारा संगणक ९४-९५ च दाखवतो. याचा अर्थ घरातली तार १०० मेगाबिटनेच चालली आहे. योजना ३०० ची असो वा ५०० ची, फरक पडणार नाही.

ती १०० वर का उतरली? १०० मेगाबिटच्या पद्धतीत चारपैकी दोनच जोड्या लागतात, एक पाठवायला आणि एक घ्यायला. गिगाबिटच्या पद्धतीत चारही जोड्या लागतात. प्रत्येक जोडीवर सेकंदाला साडेबारा कोटी खुणा, प्रत्येक खुणेत दोन बिट, म्हणजे जोडीमागे २५० मेगाबिट, आणि चौपट केले की १०००. जोडणी लागताना दोन्ही टोकांची उपकरणे एकमेकांना आपली कुवत कळवतात आणि दोघांना झेपेल असा सर्वांत मोठा दर ठरवतात. ही बोलणी होतात पहिल्या दोन जोड्यांवर. उरलेल्या जोड्यांपैकी एखादी तार तुटली असेल, प्लगमध्ये नीट बसली नसेल किंवा कोकणच्या खाऱ्या दमट हवेने तिचे टोक गंजले असेल, तर बोलणी पार पडतात पण गिगाबिट चालत नाही. मग पुष्कळ उपकरणे मुकाट्याने १०० वर उतरतात. घरातील कोणाला पत्ता लागत नाही, कारण इंटरनेट ‘चालू’ असते! काही वेळा कारण याहूनही साधे असते. डबीचे किंवा मधल्या स्विचचे छिद्रच मुळी १०० मेगाबिटचे असते. संगणकाच्या जोडणीच्या माहितीत १०० की १००० हा आकडा लिहिलेला असतो. तो पाहायला पैसे पडत नाहीत.

जुन्या उपकरणांत आणखी एक दोष आढळतो. एका टोकाला कोणी हाताने ‘एकाच वेळी बोला आणि ऐका’ असे पक्के ठरवून बोलणी बंद केलेली असतात. दुसऱ्या टोकाला उत्तर मिळत नाही, म्हणून नियमाप्रमाणे ते ‘आळीपाळीने बोला’ असे गृहीत धरते. मग एक बोलत असताना दुसरा मध्येच बोलतो, आणि पहिल्याला ती टक्कर वाटते. छोटे संदेश बिनबोभाट जातात, मोठी फाइल मात्र रखडते. तार उत्तम, पण दोन टोकांचा करार चुकलेला.

दिवा लागतो, तरी

सर्वांत फसवा दोष शेवटी सांगतो. केबल तपासण्याचे एक स्वस्त यंत्र मिळते. त्यात एक ते आठ दिवे ओळीने लागतात. सर्व लागले की कारागीर म्हणतो, केबल ठीक आहे. तरीही दर मिळत नाही, पुडकी गाळली जातात, आकडा वरखाली होतो. असे कसे?

प्लगमधील आठ जागांत जोड्या कशा बसवतात ते पाहा. १ आणि २ ही एक जोडी, ७ आणि ८ ही दुसरी. मधल्या ४ आणि ५ या जागांवर तिसरी. चौथी जोडी मात्र ३ आणि ६ वर, म्हणजे मधल्या जोडीच्या दोन्ही बाजूंना. ही विचित्र मांडणी टेलिफोनचा वारसा आहे. टेलिफोनच्या प्लगमध्ये पहिल्या लाइनची जोडी मधोमध असे आणि दुसरीची तिच्या बाहेरून. ज्याला हे माहीत नाही तो सरळ १-२, ३-४, ५-६, ७-८ अशा जोड्या लावतो. दोन्ही टोकांना हीच चूक केली तर प्रत्येक तार योग्य त्या जागीच पोचते. आठही दिवे लागतात. पण ३ आणि ६ वरील संदेशाच्या दोन तारा आता एकमेकींशी पिळलेल्या नाहीत, त्या दोन वेगळ्या जोड्यांतल्या आहेत. बेल यांची वजाबाकी बिघडली. एकीतला संदेश दुसरीत पाझरतो.

दिव्याने विचारलेला प्रश्न एवढाच होता, की प्रवाह या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो का? त्याचे उत्तर त्याने खरे दिले. सेकंदाला कोट्यवधी खुणा वेगळ्या ओळखता येतील का, हा प्रश्न त्याला कोणी विचारलाच नव्हता. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या स्वस्त केबलचेही तसेच. दिवे सर्व लागतात, पण ॲल्युमिनियमची रोधकता तांब्याच्या सुमारे १.६ पट असते. थॉमसन यांनी १८५७ साली तांब्याबद्दल केलेली तक्रार नव्या रूपात समोर येते.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. टाकून दिलेल्या केबलचे दोन तुकडे घ्यावेत. एकाला योग्य मांडणीने प्लग लावावेत, दुसऱ्याला सरळ क्रमाने. विजेरीचा सेल आणि छोटा बल्ब घेऊन दोन्हींच्या आठही तारा तपासायला सांगावे. दोन्ही केबल उत्तीर्ण होतील. मग त्याच दोन केबलींतून शाळेच्या दोन संगणकांमध्ये एक मोठी फाइल पाठवून वेळ मोजावा. लांब तुकडा मिळाला तर फरक अधिक स्पष्ट दिसतो. त्यानंतर आवरण सोलून प्रत्येक जोडीला दहा सेंटिमीटरांत किती पीळ आहेत ते मोजून तक्ता करायला सांगावा. विद्यार्थ्यांनी ‘सेलने तपासली तेव्हा तर चांगली होती’ असे म्हटले, की या धड्यातील खरा प्रश्न त्यांच्या हाती आला असे समजावे.